उष्ट्या हाताचा माणूस

आमच्या साडूंइतका उष्ट्या हाताचा माणूस कुवेतच्या वाळवंटात आजवर उतरला नाही आणि यापुढे उतरेल असं मला वाटत नाही. पासपोर्टच्या फोटोत हात दिसत नाहीत, म्हणून तेवढा त्यांचा एक फोटो स्वच्छ आहे. एरवी साडू भेटले की त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांत काहीतरी गुंडाळलेलं असायचं आणि ते तुमच्या तोंडाच्या दिशेनं निघालेलं असायचं. "आ करा, पाव्हणं," एवढंच ते म्हणत. हे काय आहे म्हणून विचारायला तुम्ही तोंड उघडलंत की संपलं. त्यांनी मला घरात भरवलंय, गाडीत भरवलंय, सिव्हिल आयडीच्या रांगेत भरवलंय, आणि एकदा दाताच्या डॉक्टरकडून अर्धा जबडा बधिर होऊन बाहेर आलो तेव्हा दारातच भरवलंय. इमारतीच्या हारिसला, म्हणजे आमच्या रखवालदाराला, ते रोज सकाळी कामावर जाता जाता एक घास देऊन जात. एकदा भर रस्त्यात टायर फुटला तेव्हा मदतीला थांबलेल्या अनोळखी माणसालाही त्यांनी भरवलं, कारण त्याचे हात ग्रीसनं काळे झाले होते आणि "मग त्यानं खायचं कसं?" ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण आणि ह्या गृहस्थांची पत्नी, कपाळावर हात मारून सांगायची, "लग्नात ह्यांना मला घास भरवायला सांगितला तर लाजून मांडवाबाहेर पळाले होते. चार जणांनी धरून आणलं. आणि आता बघा, अख्ख्या आखाताला भरवत सुटलेत."

हे खूळ त्यांना लागलं इथिओपियात. साडू मूळचे सांगलीकडचे, साखर कारखान्यातले केमिस्ट. आपल्याकडचे साखरवाले तिकडच्या कारखान्यांत नोकरीला जायचे, त्या ओघात हेही गेले आणि नऊ वर्षं राहिले. पहिल्याच महिन्यात वाफेचा पाइप फुटला आणि त्यांचे दोन्ही हात भाजले. कोपरापर्यंत बँडेज, परका मुलूख, भाषेचा गंध नाही, आणि जेवायची वेळ झाली की ताट समोर घेऊन नुसतं बघत बसायचं. तेव्हा त्यांच्या हाताखालच्या एका फिटरची म्हातारी आई रोज दोन वेळा चालत यायची आणि ह्या सहा फुटी माणसाला मांडी घालून भरवायची. असं वीस-बावीस दिवस चाललं. तिकडे त्या घासाला गुर्शा म्हणतात. सगळे एका ताटाभोवती बसतात. इंजेरा म्हणजे तिकडची मोठी, आंबट, जाळीदार आंबोळी. तिचा तुकडा तोडायचा, त्यात कालवण धरायचं, आणि आधी शेजारच्याच्या तोंडात द्यायचं, मग स्वतः खायचं. घास जितका मोठा तितकी माया मोठी, असा हिशोब. हात बरे झाल्यावर साडूंनी पहिलं काम केलं ते त्या म्हातारीला घास भरवायचं. "तिनं आ केलं आणि मलाच रडू फुटलं बघा," हे सांगताना ते प्रत्येक वेळी नव्यानं रडत, आणि डोळे डाव्या हातानं पुसत, कारण उजव्यात घास असे.

कुवेतला आल्यावर ते राई नावाच्या भागातल्या एका शोरूममध्ये मॅनेजर झाले. हॉटेलांच्या स्वयंपाकघराला लागणाऱ्या भट्ट्या, तवे, फ्रीज असला माल तिथं विकला जाई. भट्टी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक भट्टी घेऊन जायचंच, पण जाताना इथिओपियाच्या जेवणावर एक व्याख्यान ऐकून जायचं. शिरो म्हणजे दुसरं तिसरं काही नसून आपलं पिठलं, बर्बेरे म्हणजे आपल्या कांदालसूण मसाल्याची सख्खी मावसबहीण, आणि मसाले घालून तूप कढवायची अक्कल त्यांना आपल्या आधी आली, ही त्यांची ठाम मतं होती. "लेबनानी जेवण इथं मॉलात गेलं," ते बोटांवर मोजत सांगत, "इटालियन गेलं, जपान्यांचा कच्चा मासासुद्धा काचेच्या पेटीत बसून गेला. ह्यांचंच तेवढं गल्लीमागं, पडद्याआड. चवीत खोट हाय का? न्हाई. मग कशात हाय, सांगा की." मी म्हणायचो, "मार्केटिंगमध्ये." हा शब्द आम्हा इंजिनिअर लोकांना फार उपयोगी पडतो. तो उच्चारला की पुढे विचार करावा लागत नाही.

घरी इंजेराचं पीठ आंबवायच्या बादल्या असत. आधी त्या स्वयंपाकघरात होत्या, मग ताईनं त्यांना बाल्कनीत हाकललं, आणि उन्हाळ्यात बाल्कनीतल्या बादलीचं झाकण उडून शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या दिशदाशावर, म्हणजे पायघोळ अरबी झग्यावर, पडल्यावर त्या न्हाणीघरात गेल्या. पाहुण्यानं आंघोळीला जाताना "जरा अंग चोरून, पाणी उडवू नका, ते काम करतंय" अशी सूचना ऐकावी लागे. ऑगस्टमध्ये डिकीत ठेवलेलं पीठ राईहून साल्मियाला घरी पोचेपर्यंत आंबतं, हा शोधही त्यांचाच. पीठ येई जलीबमधल्या एका रत्नागिरीच्या दुकानदाराकडून. साडूंचं म्हणणं न हसता ऐकून घेणारा कुवेतमधला तो एकमेव मराठी माणूस असावा. पहिल्यांदा साडूंनी त्याला दुकानातच भरवलं तेव्हा त्यानं शांतपणे चावून, गिळून विचारलं, "यात नवीन काय ओ? आमच्याकडे दावतीला चार जणा एका ताटात बसतात." साडूंना इतका आनंद झाला की त्यांनी त्याला दुसरा घासही दिला.

पण साडूंच्या हातचा इंजेरा काही जमत नसे. एक तर जाळी पडायची नाही, नाहीतर तुकडा तोडायला दोन माणसं लागायची. तो प्रश्न सुटला शोरूममध्येच. तिथं फरशी पुसायला आणि चहा करायला अल्माझ नावाची बाई होती, चाळिशीची, इथिओपियाची. आधी चौदा वर्षं तिनं लोकांच्या घरी स्वयंपाक केला होता. साडूंनी तिच्याशी तिच्या भाषेत बोलायला सुरुवात केली. कारखान्याच्या फिटरांकडून शिकलेली ती भाषा, त्यावर सांगलीचा हेल. हसून हसून तिला खाली बसावं लागलं म्हणे. ती त्यांना 'गाशे' म्हणे, म्हणजे थोरले दादा. शोरूममध्ये नमुन्याला ठेवलेल्या गोल विजेच्या तव्यावर तिनं एक दिवस पीठ गोल फिरवत ओतलं, झाकण ठेवलं आणि उचललं, तर अंगभर डोळेच डोळे पडलेला इंजेरा. साडू त्या दिवशी फोनवर माझ्याशी पंधरा मिनिटं फक्त जाळीबद्दल बोलले.

मग आली खैरानची सहल. आम्ही आठ मराठी कुटुंबांनी समुद्राकाठचं एक शॅले, म्हणजे सुट्टीचं घर, भाड्यानं घेतलं होतं. पुणे, नाशिक, मुंबई, सगळी सुशिक्षित, पगारदार मंडळी. जेवणाची जबाबदारी साडूंनी घेतली, म्हणजे दोन दिवस खपून अल्माझनं सगळं करून दिलं. तिलाही नेऊ या, असं साडू म्हणाले होते. मी म्हणालो, गाडीत जागा नाही. ती सात जणांची गाडी होती आणि आम्ही सहा होतो. साडूंचा बेत असा की आधी नाव सांगायचंच नाही. आंबोळी आणि पिठलं म्हणून वाढायचं, चव पोटात गेली की मग सांगायचं. सगळे तुटून पडले. मालवणकडच्या एका बाईंनी तर डोळे मिटून, "अगदी माझ्या आजीच्या हातची आंबोळी," म्हणून दाखला दिला आणि कृती मागितली. तेव्हा साडूंनी उभं राहून, छाती फुगवून सांगितलं, की ही आंबोळी इथिओपियाची, आणि आजीचं नाव अल्माझ.

अशी शांतता मी फक्त ऑफिसात, माणसं कमी करायच्या याद्या लागतात त्या दिवशी ऐकली आहे. कुणाचं ताट हळूच पुढे सरकलं. एक जण चूळ भरायला उठला. मालवणच्या बाई म्हणाल्या, "नाही, चव छानच आहे हो, पण आधी सांगायला हवं होतं ना." पलीकडून कुणीतरी म्हणालं, "आमच्याकडे त्याच देशाची बाई भांडी घासायला येते," आणि त्यावर काहीजण हसलेसुद्धा. साडूंना काहीच कळेना. एखादा माणूस मिटक्या मारत खातो आणि नाव ऐकून थांबतो, हे त्यांच्या केमिस्ट्रीत बसत नव्हतं. परतताना गाडीत मी मात्र त्या मंडळींना सोलून काढलं. कसली माणसं ही, देश सोडून आली पण डोकं तिथंच ठेवून आली, असं मी वाटेतलं मंगफ येईपर्यंत बोलत होतो. साडू मागं रिकामी पातेली मांडीवर घेऊन बसले होते. ते एवढंच म्हणाले, "माझंच चुकलं. लपवायला नको होतं. आता लपवायचं न्हाई."

आणि खरंच, त्यानंतर त्यांनी काही लपवलं नाही. त्यांच्याकडून भट्ट्या घेणारा एक कुवेती हॉटेलमालक होता, शांत, कमी बोलणारा. तो मॉलमध्ये नवं हॉटेल काढत होता आणि काहीतरी वेगळं शोधत होता. साडू त्याच्या मागं असे लागले की त्या बिचाऱ्यानं फक्त सुटका म्हणून चव बघायला यायचं कबूल केलं. साडूंनी सगळं आखलं: दर्शनी भागात गोल तवा, तव्यामागं पांढरा कोट घातलेली अल्माझ, मेनूवर तिच्या देशाचं नाव, आणि एका ताटात चौघं. अल्माझची मात्र एकच अट होती. ती मला साडूंसमोरच, तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "मैं सामने खड़ा होके बनाएगा. अंदर नहीं. अंदर चौदह साल हो गया." ते ऐकून मी मान डोलावली. मान डोलवायला माझी कधीच हरकत नसते.

मालकाचं एक म्हणणं होतं. त्या मॉलमध्ये निम्मं गिऱ्हाईक भारतीय, तेव्हा एखादा भारतीय माणूस ताटावर असावा, तो कसा जेवतो ते बघायचं. साडूंनी अर्थात मला पकडलं. "तुम्ही नुसतं जेवायचं, पाव्हणं. मालकांना मी भरवतो, तुम्हाला अल्माझ भरवंल. म्हणजे रीत दिसंल त्यांना." मी बरं म्हणालो. शनिवारी दुपारी शोरूममध्येच सतरंजी अंथरली. अल्माझनं नवा पांढरा कोट घातला होता आणि त्याची घडी अजून मोडली नव्हती. मालक सहज मांडी घालून बसला. लहानपणापासून एका परातीत हातानं जेवलेला माणूस तो, त्याला कसली अडचण असणार? साडूंनी त्याला भरवलं. तो आधी दचकला, मग मोठ्यानं हसला आणि सगळा घास खाल्ला. "तय्यिब," म्हणाला, छान आहे. साडूंचा चेहरा असा फुलला की मला वाटलं आता ते रडणार. रडायच्या आतच ते कॉफीचं भांडं बघायला वळले, कारण कॉफी उतू जात होती.

तेवढ्यात अल्माझनं घास केला. चांगला मोठा केला. माझ्यासमोर गुडघ्यावर बसली आणि साडूंनी शिकवलेल्या मराठीत म्हणाली, "दादा, आ करा."

माझी मान मागं गेली. मी काही ठरवलं नव्हतं, हे मी आजवर स्वतःला शेकडो वेळा सांगितलं आहे. मान आपोआप मागं गेली आणि तिच्या मागोमाग माझा तळहात पुढे आला. "हातात द्या," मी म्हणालो. वर हसलो. पथ्य आहे, असंही काहीतरी पुटपुटलो. आमच्या घरात लहानपणापासून उष्ट्याचं फार, आईनं हातावर मारून शिकवलेलं. तेच आड आलं, असं मी मनाशी म्हणालो. पण तो घास उष्टा नव्हताच. अल्माझनं त्या दिवशी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तिचा हात कुठल्याही ताटाला लागलेला नव्हता. तिनं माझ्याकडे क्षणभर पाहिलं, घास माझ्या तळहातावर ठेवला आणि मी तो खाल्ला. चव उत्तम होती. साडू कॉफी घेऊन वळले तेव्हा मी चावत होतो आणि त्यांनी आनंदानं माझी पाठ थोपटली. मालकानं रुमालाला बोटं पुसली. मला इंग्रजीत विचारलं, तुम्ही ह्यांच्या घरातले का? मी हो म्हणालो. त्यानं मान हलवली आणि कॉफीचा कप उचलला.

आठवड्यानं त्याचा निरोप आला. पदार्थ पसंत आहे. मात्र ताटं वेगवेगळी, काटे-चमचे, इंजेराचे छोटे गोल तुकडे, मेनूवर फ्रेंच वाटेल असं काहीतरी नाव, देशाचा उल्लेख नाही. बाईंना नोकरी आहे, स्वयंपाकघरात, आत. साडू तरातरा त्याच्याकडे गेले आणि कारण विचारलं. तो सौम्यपणे म्हणाला, लोक अजून तयार नाहीत, मी पाहिलं आहे. साडू घरी येऊन ताईवर, माझ्यावर, पंख्यावर ओरडत होते. "काय बघितलं ह्यानं? अजून हॉटेल उघडलं न्हाई, एक गिऱ्हाईक आलं न्हाई, आणि ह्यानं बघितलं कुठं?" मी सोफ्यावर बसलो होतो. त्यानं कुठं पाहिलं, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "मार्केटिंग असतं, भाऊ."

अल्माझनं ती नोकरी घेतली. फरशी पुसण्यापेक्षा बरी, म्हणाली. हॉटेल जोरात चाललं. मालवणच्या बाईसुद्धा तिथं जाऊन आल्या आणि फोटो टाकले. माझी मुलं मित्रमंडळींबरोबर जातात आणि घरी येऊन "इट्स सो गुड, बाबा" म्हणतात. काचेच्या झुंबराखाली साडूंचं जेवण शेवटी पोचलं, पण साडू त्या मॉलची पायरीही चढले नाहीत. त्यांच्या घरच्या बादल्या हळूहळू रिकाम्या झाल्या. न्हाणीघरात मोकळी जागा झाली, तर ताईलाच करमेना. दोन वर्षांनी साडू निवृत्त होऊन सांगलीकडे गेले. दर शुक्रवारी फोन येतो. तिथं ते ज्वारीच्या पिठाचा इंजेरा करून बघतायत आणि गावातल्या लोकांना धरून धरून भरवतायत, त्यामुळे लोक आता त्यांच्या घरावरून जाताना रस्ता बदलतात, असं ताई सांगते. फोनवर जुना विषय निघतोच. "सगळ्यांनी टांग मारली," ते म्हणतात. "तुम्ही तेवढे शेवटपर्यंत संगं बसलात ताटावर. ते मी इसरणार न्हाई, पाव्हणं." मी दर शुक्रवारी ठरवतो की आज सांगून टाकू. मग मी त्यांना पावसाचं विचारतो.

साडूंच्या जाण्याआधी अल्माझ गेली, कायमची, तिच्या गावी. निघायच्या आदल्या शुक्रवारी ती ताईकडे निरोप घ्यायला आली, येताना सगळा स्वयंपाक करून घेऊन आली. आम्ही सगळे एका ताटाभोवती बसलो. ती रीतीप्रमाणे एकेकाला भरवत गेली: साडूंना, ताईला, माझ्या बायकोला, मुलांना. मुलांनी किती सहज तोंडं उघडली. मी सकाळपासून मनाची तयारी करून आलो होतो. माझी पाळी आली तेव्हा मी डोळे मिटून, मान पुढे काढून, मोठ्ठा आ केला. काही झालं नाही. डोळे उघडले तर ती माझा हात तिच्या डाव्या हातानं उलगडत होती. तिनं घास माझ्या तळहातावर ठेवला, अलगद, आणि बोटं मिटवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. माझं पथ्य तिनं लक्षात ठेवलं होतं, इतकंच.

"अगं, हातात काय देतेस?" साडू ओरडले. "पाव्हण्याला कुणी हातात देतं व्हय?"

"दादा हातात घेतात," अल्माझ म्हणाली.

साडू हसले. त्यांना ती गंमत वाटली. त्यांनी माझ्या मुठीतून तो घास काढून घेतला, आणखी थोडं पिठलं लावून मोठा केला आणि नेहमीसारखे माझ्यावर चालून आले. "आ करा, पाव्हणं." मी आ केला. अर्धा तास जेवत होते ते, हात मनगटापर्यंत बरबटला होता, बोटं दोनदा चाटून झाली होती. मी तो घास सबंध खाल्ला आणि माझी मान तसूभरही मागं गेली नाही. अल्माझ समोर बसून बघत होती.